डिक्कीतल्या सुया

सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीपासून कसं वाचायचं, हे मी सांगते. रावेर तालुक्यातला एक केळीवाला शेतकरी माझ्याकडे आला होता (ओळख पटेल असे तपशील बदललेत). शर्टाच्या आतून वर्तमानपत्राची पुडी काढून त्याने टेबलावर सोडली. आत चार कोऱ्या सिरिंजा, पाकीटही न फोडलेल्या.

"धाकट्या भावाच्या गाडीच्या डिक्कीत सापडल्या. ताई, दर वेळी नवी सुई घे असं तुम्हीच सांगितलं ना त्याले? नशा सोडवायची सोडून हे काय शिकवता?"

हाच प्रश्न आया विचारतात, बायका विचारतात. रागही खरा असतो.

धाकटा माझ्याकडे येतो की नाही, हे मी सांगितलं नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ते गुपित त्याचं आहे, सख्ख्या भावापासूनसुद्धा. शेतकरी उठून निघालाच. म्हटलं, "भाऊ, त्याचं राहू द्या, सुईचं तर बोलू."

नशा सुटायला महिने लागतात, पाय पुन्हा घसरतो. एचआयव्ही लागायला दुसऱ्याने वापरलेली एक सुई पुरते.

"गरम पाण्याने धुतली तर?"

नळीत, सुईच्या बुडाशी रक्त उरतंच. सुया वेगळ्या, पण चमचा, कापूस, पाणी एकच, तरी धोका आहेच. हिपॅटायटीस सी तर तसा सहज पसरतो.

तो बराच वेळ पुडीकडे बघत होता. मग म्हणाला, "लम्पी आली तेव्हा आमच्या गोठ्यात डॉक्टरनं दर ढोराले नवी सुई घेतली होती." हे मला कधी सुचलं नव्हतं. आता हे उदाहरण मी सर्रास देते.

मग गोळीचं सांगितलं. अफूच्या जातीची नशा असेल तर सरकारी ओएसटी केंद्रात (नशेच्या जागी औषध देतात तिथे) ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी मोफत मिळते. सहसा रोज तिथेच, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची. तलफ आणि अंगमोड आवरते, सुईकडे हात जाणं कमी होतं. घरात कोंडू नका, हेही बजावलं. कोंडलेला पोरगा सुटला की हाती लागेल ती सुई टोचून घेतो. कुणाची सुई वापरली गेलीच, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, एचआयव्ही रोखायच्या २८ दिवसांच्या गोळ्या असतात. चाचणी लगेच, आणि पुढे दवाखाना सांगेल तेव्हा पुन्हा.

"मंग यांचं काय करू?" त्याने पुडी उचलली.

"तुम्हीच सांगा."

त्याने कागदाची घडी नीट केली. "होत्या तिथं ठेवतो. मी पाह्यल्या हे त्याले सांगत नाही."