दुसऱ्या महायुद्धाचा विदर्भातल्या खेड्यांवर काही परिणाम झाला का?

झाला, आणि चांगलाच. बॉम्ब पडला नाही, पण वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. १९४१ साली तो व्यापार बंद पडला. पुढं सरकारच सांगू लागलं, कापूस कमी करा, धान्य पेरा. (घरात कापसाची गंजी लागलेल्यानं काय करावं, ते मात्र कोणी सांगितलं नाही!) १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ आणि रॉकेल दोन्ही आटलं. आज गावात कंट्रोलच्या दुकानात अंगठा लावून गहू-तांदूळ मिळतो, त्या रेशनची सुरुवात त्याच काळातली.

युद्धाला मदत नको म्हणून विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला सत्याग्रह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीत विदर्भातली चिमूर-आष्टी ही गावं पेटली, त्यात महागाईचा रागही होता, असं माझं मत.