जोडीदाराविषयीची ‘आक्रमकता’ आणि ‘हिंसाचार’: दोन शब्द, दोन मोजमापे

एका अनुवादक वाचकाने विचारले आहे की, जोडीदारांमधील वर्तनाविषयीच्या मानसशास्त्रीय लेखनात येणाऱ्या ‘अ‍ॅग्रेशन’ या संज्ञेसाठी ‘आक्रमकता’ योग्य की ‘हिंसाचार’, आणि ‘स्त्रियाही पुरुषांइतक्याच हिंसक असतात’ असा त्या संशोधनाच्या निष्कर्षाचा अनुवाद चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही, आणि का चालणार नाही हे पाहिले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच मिळते.

‘हिंसा’ हा शब्द ज्या ‘हिंस्’ धातूपासून आला त्याचा अर्थ इजा करणे, मारणे असा आहे, त्यामुळे तो कानी पडताच लक्ष जाते ते ज्याला इजा झाली त्याच्याकडे. ‘आक्रमण’ या शब्दात मात्र ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे, हा धातू आहे. कोण कोणावर चालून गेले एवढेच तो सांगतो, पुढे कोणाला किती लागले याविषयी तो काहीच बोलत नाही. (‘अ‍ॅग्रेशन’च्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘कोणाच्या दिशेने पाऊल टाकणे’ असाच आहे, हे जुळणे मला फार मोलाचे वाटते.)

संशोधनातही नेमका हाच भेद आहे. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत कृती मोजल्या जातात: ढकलले का, चापट मारली का, वस्तू फेकून मारली का. मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांनी २००० साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जोडीदाराविरुद्ध अशी एखादी शारीरिक कृती केल्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये किंचित जास्त आढळले. परंतु इजा करण्याचे प्रमाण पुरुषांमध्ये जास्त होते आणि जखमी झालेल्यांमध्ये ६२ टक्के स्त्रिया होत्या. पहिले विधान आक्रमक कृतींविषयीचे आहे आणि दुसरे इजेविषयीचे. दोन्हीकडे ‘हिंसा’ हा एकच शब्द वापरला, तर ही विधाने परस्परविरोधी वाटतात आणि वाचक आपल्या आधीच्या मताला सोयीचे तेवढेच उचलतो.

याहून बारीक भेद दाखवणारी जोडी मराठीच्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि ती अनुवादात फारशी दिसत नाही याचे मला वाईट वाटते. ‘मारामारी’ हा शब्द ‘ओढाओढी’, ‘धराधरी’ यांच्यासारखा द्विरुक्तीने घडलेला असून त्यात दोन्ही बाजू कर्त्या असतात. ‘मारहाण’ मात्र एक करतो आणि दुसऱ्याला सोसावी लागते. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये असाच फरक मांडला: भांडण विकोपाला जाऊन होणारी, स्त्री-पुरुष दोघांकडूनही घडणारी हिंसा वेगळी, आणि जोडीदाराला सतत धाकात ठेवण्यासाठी केलेली, बहुतांशी पुरुषांकडून होणारी हिंसा वेगळी. सर्वसाधारण सर्वेक्षणांत पहिली अधिक दिसते, तर आश्रयगृहांत आलेल्या स्त्रियांच्या अनुभवांत दुसरी. ‘मारामारी’ आणि ‘मारहाण’ हे या प्रकारांचे पारिभाषिक पर्याय नव्हेत, कारण धाक हात न उगारताही बसवता येतो. पण स्पष्टीकरणात ते अवश्य वापरावेत.

‘आक्रमकता’ या शब्दाची एक अडचण मान्य केली पाहिजे. खेळाच्या वृत्तांतांमुळे त्याला कौतुकाची छटा आली आहे, शिवाय भाववाचक नाम असल्याने तो स्वभावाचे वर्णन वाटतो. म्हणून मोजलेल्या गोष्टीसाठी ‘आक्रमक कृती’ किंवा ‘आक्रमक वर्तन’ लिहावे आणि ‘हिंसाचार’ हा शब्द वारंवार घडणाऱ्या, इजा किंवा दहशत निर्माण करणाऱ्या वर्तनासाठी राखावा. ‘अत्याचार’प्रमाणे त्यातही ‘आचार’ आहे, म्हणजे एखाद्या प्रसंगापेक्षा वागण्याची रीत.

आपले वाक्य मी असे लिहीन: ‘जोडीदाराविरुद्ध शारीरिक आक्रमक कृती केल्याचे स्त्रिया आणि पुरुष यांचे प्रमाण जवळपास सारखे आढळते, मात्र अशा कृतींमुळे इजा होणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या अधिक असते.’ वाक्य लांबते, पण यातला उत्तरार्ध गाळून ते आखूड करू नये.