वाचकांचे प्रश्न : महासागरावरून जुनी युद्धविमाने

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील विमाने प्रदर्शनांसाठी आजही अटलांटिकवरून उडवत नेली जातात. युद्धकाळात अशी हजारो विमाने याच मार्गाने गेली होती. मग आता त्या उड्डाणाची एवढी धास्ती का? आणि ती जहाजाने का पाठवत नाहीत?

उत्तर : हा मार्ग युद्धकाळातही सुरक्षित नव्हता. नोव्हेंबर १९४० मध्ये वैमानिक डॉन बेनेट यांच्या नेतृत्वाखाली सात हडसन बॉम्बफेकी विमाने न्यूफाउंडलंडमधील गँडरहून उत्तर आयर्लंडला सुखरूप पोहोचली, तेव्हा ती मोठीच कामगिरी ठरली, कारण हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणे त्या काळी जवळजवळ अशक्य मानले जात होते. १५ जुलै १९४२ रोजी मात्र सहा पी-३८ लढाऊ विमाने आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमाने खराब हवामानात सापडली व त्यांना ग्रीनलंडच्या हिमपठारावर उतरावे लागले. माणसे सगळी वाचली, विमाने तेथेच राहिली. युद्धात असे नुकसान गृहीत धरलेले असे. एक विमान गेले तर कारखान्यातून दुसरे येत असे. आज लँकॅस्टर या चार इंजिनांच्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांपैकी जगात उडू शकणारी केवळ दोन आहेत. त्यांतले एक समुद्रात गेले, तर त्याची जागा घेणारे दुसरे कोठूनही येणार नाही.

वरील सहा पी-३८ विमानांपैकी एक १९९२ साली सुमारे ८२ मीटर बर्फाखालून काढण्यात आले आणि दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २००२ मध्ये पुन्हा उडाले. ‘ग्लेशियर गर्ल’ या नावाने ओळखले जाणारे हे विमान, १९४२ मध्ये अर्धवट राहिलेला प्रवास पूर्ण करण्यासाठी २००७ साली इंग्लंडकडे निघाले. परंतु वाटेत एका इंजिनातून शीतक द्रव गळू लागला, त्याला लॅब्राडॉरमधील गूज बे येथे उतरावे लागले आणि मोहीम तेथेच थांबली. या निर्णयाला अपयश म्हणणे मला मान्य नाही. द्रवाने थंड राखल्या जाणाऱ्या इंजिनात बोटभर जाडीची नळी किंवा तिचा एखादा सांधा जरी सैल झाला, तरी तापमानाचा काटा चढू लागतो आणि काही मिनिटांतच इंजिन अडकून बसू शकते. जमिनीवर तेवढ्या वेळात एखादे शेत किंवा धावपट्टी गाठता येते. समुद्रावर ती मिनिटे घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न उरतो. जुन्या विमानांचा सागरी धोका मुख्यतः येथेच आहे. बिघाड जमिनीवर होतात तेच असतात, पण त्यातून सावरण्यासाठी मिळणारा वेळ समुद्रावर पुरत नाही.

हवेने थंड होणाऱ्या ताराकृती (ताऱ्याच्या टोकांसारखे सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) इंजिनांना ही विशिष्ट भीती नसली, तरी ती तेल भरपूर खातात. लांबच्या टप्प्यात पेट्रोल शिल्लक असताना तेलाची चिंता करावी लागते, म्हणून काही विमानांत तेलाची जादा टाकी आणि ते इंजिनाकडे ढकलणारा हातपंप बसवतात. पेट्रोलच्या जादा टाक्यांमुळे उड्डाणाच्या वेळी वजन वाढते, आणि टाकी बदलताना झडप चुकीच्या बाजूला फिरवली, तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडते. बर्फाचा प्रश्न तर दुहेरी आहे. ढगातून जाताना पंखांवर बर्फ साचतो आणि तो काढण्याची सोय लढाऊ विमानांत मुळातच नव्हती. शिवाय पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या, आत हवा इतकी गार होते की, बाहेर पंधरा-वीस अंश तापमान असतानाही दमट हवेत तेथे बर्फ धरू शकतो.

म्हणून आजची विमाने सरळ समुद्र न ओलांडता टप्प्याटप्प्याने जातात. कॅनडातील हॅमिल्टन येथील लँकॅस्टर ऑगस्ट २०१४ मध्ये गूज बे, ग्रीनलंडमधील नार्सार्सुआक आणि आइसलँड या मार्गाने इंग्लंडला गेले. गूज बे ते नार्सार्सुआक हे अंतर सुमारे १,२५० किलोमीटर आहे. नार्सार्सुआकची धावपट्टी डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या टोकाशी आहे, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जमीन हिमनदीकडे चढत जाते. तेथे ढग खाली उतरले तर चार इंजिनेही फारशी कामाची नाहीत. त्याच लँकॅस्टरचे एक इंजिन पुढे इंग्लंडमधील मुक्कामात निकामी झाले. तेथे उसने इंजिन मिळाले. हाच बिघाड सुमारे तीन आठवडे आधी, ग्रीनलंडच्या वाटेवर झाला असता, तर उरलेल्या तीन इंजिनांच्या भरवशावर पुढचे किंवा मागचे किनारे गाठावे लागले असते.

जहाजाने पाठवायचे, तर विमान सुटे करावे लागते. एकाच इंजिनाच्या लढाऊ विमानाचे पंख काढून ते कंटेनरमध्ये बसवता येते, आणि माझ्या मते त्याने तसेच जावे. चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे पंख सोडवणे, खाऱ्या हवेत मॅग्नेशियमचे भाग जपणे आणि सर्व काही पुन्हा जोडून तपासणे यालाही स्वतःचे धोके आहेत, म्हणून तेथे उडवत नेण्याचा विचार समजू शकतो.

प्रश्न : एकाच इंजिनाच्या विमानाचे इंजिन समुद्रावर बंद पडले, तर वैमानिक काय करतो? सोबत दुसरे विमान असल्यास तो वाचू शकतो का?

उत्तर : पाण्यावर उतरणे हा पर्याय वाटतो तितका सोपा नाही. पी-५१ मस्टँग या एकाच इंजिनाच्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली हवा घेणारा मोठा जबडा असतो. तो पाण्यात रुतला की विमान नाकावर जाते आणि फार लवकर बुडते. त्यामुळे अशा विमानातून हवाई छत्रीने उडी मारणे बरे मानले जाते. पण उडीनंतर खरा शत्रू थंडी असते. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वासावर ताबा राहत नाही. साधारण दहा मिनिटांत बोटे बधिर होतात, तराफा फुगवण्याची दोरी समोर दिसते, पण हातात धरता येत नाही. शुद्ध हरपायला त्यानंतरही बराच वेळ, बहुधा तासाभराचा, लागतो. अंग कोरडे राखणारा सूट ही मुदत पुष्कळ वाढवतो, मात्र तो उड्डाणापूर्वीच, गळ्यापर्यंत बंद करून, घातलेला असला पाहिजे. अरुंद कॉकपिटमध्ये तो ऐनवेळी चढवता येत नाही.

२०१९ साली स्पिटफायर या ब्रिटिश बनावटीच्या एका लढाऊ विमानाने ५ ऑगस्ट ते ५ डिसेंबर या काळात सुमारे ४३,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा सोबत आधुनिक टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारे) विमान होते, आणि प्रशांत महासागर टाळून अलास्का, रशिया व जपान असा वळसा घेण्यात आला. सोबतचे विमान माणूस नेमका कोठे पडला ते कळवू शकते, पण त्याला पाण्यातून उचलू शकत नाही. त्यासाठी हेलिकॉप्टर किंवा जहाज लागते, आणि ते किती तासांवर आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे लागते.

प्रश्न : अशा उड्डाणांसाठी परवानगी कोण देतो?

उत्तर : ज्या ज्या देशावरून जायचे, तो प्रत्येक देश. नागरी विमानवाहतुकीविषयीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार विमानाचे उड्डाणयोग्यतेचे नियमित प्रमाणपत्र इतर सदस्य देश मान्य करतात. जुनी युद्धविमाने मात्र सहसा मर्यादित परवान्यावर उडतात, आणि त्याला ती मान्यता आपोआप मिळत नाही. एका देशाचा कागद उशिरा आला, तर विमान धावपट्टीवर उभे राहते आणि चांगल्या हवामानाचे दिवस निघून जातात. अशा वेळी तारीख गाठण्यासाठी बेताच्या हवामानात निघण्याचा मोह होतो, म्हणून अनुभवी चमू समारंभाच्या तारखेआधी बरेच दिवस मोकळे ठेवूनच परवानग्या मागतात.