रेडिएटर सरकल्यावर होज कसे बसवावेत?

प्रश्न : आमच्या जुन्या सहा चाकी ट्रकवर आम्ही आरटीओची रीतसर परवानगी घेऊन टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) असलेले सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले आहे. इंटरकूलरला पुढे जागा करताना रेडिएटर इंजिनाकडे सरकवावा लागला आणि मूळचे होज (रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या लवचीक नळ्या) बसेनासे झाले, म्हणून मिस्त्रींनी मीटरवर मिळणारा सरळ होज वाकवून लावला. भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. गाडी उभी करून रेस दिली की खालचा होज चपटा होताना दिसतो. सिलिकॉनचे होज घेतल्यास हा त्रास थांबेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सिलिकॉन घ्यावे की रबर, हे नंतर ठरवता येईल, तुमची अडचण होजच्या आकाराची आहे. खालचा होज वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिनाचे फेरे वाढले की पंप रेडिएटरमधून जोराने कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ओढतो, आणि वाकवलेल्या होजला वळणावर आधीच दुमड पडलेली असल्याने नेमका त्याच जागी तो आत खेचला जाऊन कूलंटची वाट अरुंद होते. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ओढ कमी असते, त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी ठीक वाटते. रेडिएटर आतून चोंदला असला तरीही ओढ अशीच वाढते, तेव्हा नवे होज घेण्याआधी तो तपासून घ्यावा. होज चालू इंजिनावर न दबता गाडी थंड झाल्यावर दबत असता, तर संशय रेडिएटरच्या झाकणातील परतीच्या झडपेवर घेतला असता.

वळणाच्या जागी साच्यात घडवलेले एल्बो (मुळातच वळण असलेले होजचे तुकडे) वापरावेत आणि दोन एल्बोंच्या मध्ये अॅल्युमिनियमची नळी घालावी. नळीच्या दोन्ही टोकांना उंच कड काढून घेणे अत्यावश्यक आहे, कारण गुळगुळीत टोकावरून होज दाबाखाली सरकतो. होजचा आतला व्यास, तो ज्यावर चढतो त्या रेडिएटरच्या किंवा इंजिनाच्या तोंडाच्या बाहेरच्या व्यासाशी जुळायला हवा. सैल होज क्लिप आवळून बसवण्याची आपल्याकडची सवय पुढे गळतीलाच आमंत्रण देते. इंजिन माउंटिंगवर हलते आणि रेडिएटर चॅसिसला धरून राहतो, म्हणून होज ताणून न बसवता किंचित सैल ठेवावा; पंख्यापासून आणि टर्बोपासून तो पुरेसा दूर आहे ना, हे इंजिन हाताने हलवून पाहावे.

जुना होज स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. त्याला लांबीत चीर देऊन सोलून काढावा, तोंडावरचा क्षार बारीक एमरी पेपरने घासावा आणि नवा होज कूलंटने ओला करून २५ ते ३० मिलिमीटर आत सरकवावा. तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर त्याने फुगते. क्लिप उंच कडेवर न येता कडेच्या पलीकडे, म्हणजे कड आणि होजचे टोक यांच्या मध्ये, यायला हवी.

आता सिलिकॉनविषयी. ते उष्णता चांगली सोसते, म्हणून टर्बोजवळून जाणाऱ्या वरच्या होजसाठी त्यावर खर्च करणे योग्य ठरेल. मात्र साधे सिलिकॉन तेल आणि डिझेल यांपुढे टिकत नाही, शिवाय ते मऊ असल्याने खाचांची साधी जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) त्यात रुतते; त्यासाठी आतून सपाट पट्टी असलेली क्लिप घ्यावी. खालच्या बाजूला आतून तारेची स्प्रिंग असलेला ईपीडीएम या कृत्रिम रबराचा घडीव होज माझ्या मते अधिक भरवशाचा आहे, आणि स्वस्तही.

कूलंट आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी निम्मे-निम्मे घ्यावे, हीटर असल्यास त्याची झडप उघडी ठेवून सावकाश भरावे, म्हणजे हवा अडकून राहत नाही. एकदा गाडी पूर्ण तापून थंड झाली की सर्व क्लिपा पुन्हा आवळाव्यात. पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला, थंड इंजिनावर, होज क्लिपेजवळ आणि मधोमध बोटांनी दाबून पाहावा : क्लिपेजवळ तो अधिक मऊ लागला, तर बाहेरून धड दिसत असूनही आतून चिरू लागला आहे, असे समजून बदलावा.