लेथ घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. दुर्बिणीचा फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारी नळी, बाहेरून करून न घेता स्वतःच टर्न करायचा (कातायचा) असं तू ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायचं यंत्र, नक्की घे. तू एक जुना साडेचार फुटी लेथ आणि एक मिनी लेथ अशा दोन यंत्रांचे फोटो पाठवून "यातला कुठला?" असं विचारलंयस, पण फोटो आणि जाहिरातीतले आकडे बघून लेथ ठरवता येत नाही. आधी तुझं काम काय ते बघू.

तुझं काम बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, थोडं पितळेचं. सव्वा इंची आयपीस (डोळा लावायची भिंगाची नळी) म्हणजे ३१.७५ मिमी, दोन इंची म्हणजे ५०.८. दोन इंचीचा फोकसर करायचा तर साधारण ६० मिमी व्यासाचा जॉब (कातायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून आत ५०.९ चं स्वच्छ बोअर (भोक) काढावं लागेल. आयपीस अलगद सरकली पाहिजे, पण डुलता कामा नये. अशा बोअरिंगमध्ये यंत्राच्या ताठपणाचा कस लागतो. यंत्र लवचिक असेल तर बोअरिंग बार (आतून कापणारं टूल धरणारा दांडा) थरथरतो आणि आतल्या भिंतीवर लाटा उमटतात. मग कितीही महागडं टूल लाव, फिनिश येत नाही. म्हणून मोटर किती वॅटची यापेक्षा बेड (खालचा लोखंडी पाया) किती जाड, स्लाइड (टूल सरकवणारा भाग) किती घट्ट, स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती, हे आधी विचार.

आता तो जुना साडेचार फुटी लेथ. बटाला, लुधियाना, राजकोटचे असे लेथ आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि एचएमटी किंवा हरिहरच्या किर्लोस्करचा चांगल्या अवस्थेतला लेथ कुणी देत असेल तर मीसुद्धा मोहात पडेन. पण तू दुसऱ्या मजल्यावर राहतेस. अर्ध्या टनाच्या आसपासचं ओतीव लोखंड लिफ्टमधून नेणं, स्लॅबवर ठेवणं, सोसायटीची परवानगी काढणं, वर थ्री फेज मोटरचा प्रश्न. मोटरचा प्रश्न सुटतो. तिच्या पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा लिहिलेलं असेल तर घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज देणारा कंट्रोलर) लावून ती चालते. वजनावर मात्र उपाय नाही. आजोळी तळमजल्यावर जागा मिळत असती तर मी तुला डोळे मिटून जुनाच घे म्हटलं असतं. फ्लॅटमध्ये नको.

म्हणजे उरला मिनी लेथ. वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकले जाणारे हे चिनी लेथ घडणीने बरेचसे सारखेच असतात. स्विंग (बेडवर फिरू शकेल असा सगळ्यात मोठा व्यास) १८० मिमी, सेंटरमधलं अंतर (दोन टोकांमध्ये मावणारी लांबी) ३०० किंवा ३५०, वजन चाळीस किलोच्या आसपास, स्पिंडलचं भोक २० मिमी. हे आकडे जपून वाच. स्विंग १८० असला तरी क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वर ११० च्या आसपासच जागा मिळते. आणि ३०० मिमी अंतरातून चक, जॉब, ड्रिल आणि टेलस्टॉकमधला (चकसमोरच्या टोकाच्या आधारातला) ड्रिल चक वजा केला की हातात फार थोडं उरतं. म्हणून ३५० वाला घे. चक ८० चा येतो. १०० चा देत असतील तर थोडे पैसे जास्त मोज, ६० चा जॉब धरताना तो उपयोगी पडेल. हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल फिरवणाऱ्या डोक्यात) प्लॅस्टिकचे गियर आहेत की बेल्ट ड्राइव्ह, हेही विचार. टूल अडकलं की ते गियर तुटतात. गियर असतील तर एक जोडी सोबतच मागून घे. सर्किट बोर्ड गेला तर इथे मिळतो का, याचं उत्तर दुकानदाराला देता येत नसेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

पैसे देण्याआधी यंत्र चालू करून बघायचंच. चकमध्ये जाड बार धर, डायल गेजचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेट बेस बेडवर बसव, टोक बारवर चकच्या जवळ टेकव आणि लाकडी दांड्याने बार वर उचलून सोड. काटा पुन्हा जागेवर आला पाहिजे. मग कॅरेज (बेडवरून टूल नेणारा भाग) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघ. चकजवळ ढिलं आणि टेलस्टॉककडे घट्ट लागलं तर बेड झिजलाय. नव्या यंत्रात असं सहसा नसतं, पण कुणी "थोडासाच वापरलेला" म्हणून देत असेल तर हे बघितल्याशिवाय पुढे बोलू नकोस.

आणखी एक तपासणी लोक करत नाहीत, पण तू कर. डायल गेज क्रॉस स्लाइडला टेकवून हँडलचे एकाच दिशेने दहा फेरे दे. सरकलेलं अंतर १०.०० मिमी आलं तर स्क्रू मेट्रिक. १०.१६ आलं तर स्क्रू इंची आहे आणि हँडलवरची डायल नावापुरती मेट्रिक. गेजचा स्ट्रोक १० मिमीचाच असेल तर पाच फेरे दे, ५.०० किंवा ५.०८ येईल. बोअर ५०.९ चं काढायचं असताना असा छुपा फरक फार त्रास देतो. आणि डायल पुढे गेलेलं अंतर दाखवते की व्यासातला फरक, तेही तेव्हाच बघून ठेव. एक मिमी आत गेलं की व्यासात दोन मिमीचा फरक पडतो.

सगळे पैसे लेथवर घालवू नकोस. तुझ्याकडे शंभर रुपये असतील तर साठचाच लेथ घे. बाकीच्या चाळीसात फोर जॉ (चार जबड्यांचा) म्हणजे आपला डॉग चक, क्विक चेंज टूल पोस्ट (टूल झटकन बदलता येणारा धारक), चांगला व्हर्निअर, डायल गेज, ड्रिल चक, बेंच ग्राइंडर आणि एचएसएसचे (हायस्पीड स्टीलचे) ८ मिमी टूलबिट बसव. सुरुवातीला टिप टूलच्या (कार्बाइडची टिप लावलेल्या टूलच्या) मागे लागू नकोस. एचएसएस हाताने घासायला शिक, धार कशाने कापते ते त्यातून बोटांना कळतं. अ‍ॅल्युमिनियमला कटावर रॉकेलचे चार थेंब सोड, मटेरियल टोकाला चिकटणार नाही. बोअरिंग बार मावेल तेवढा जाड घे. १२ मिमीचा बार ४८ च्या पुढे बाहेर काढू नकोस, तुझं ४० खोल बोअर त्यात होऊन जाईल.

टूलची उंची बघायला टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये स्टीलची पट्टी हलकेच दाब. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुझ्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, खाली पत्रा घाल.

यंत्र घरी आलं की पॅकिंगचं ग्रीस धुऊन काढ, सगळ्या गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) आवळ, आणि डगमगणार नाही अशा भक्कम टेबलावर बसव. मग २५ मिमीचा बार टेलस्टॉकचा आधार न देता धरून, त्यावर १०० मिमी अंतराने दोन कॉलर (गोल पट्टे) एकाच सेटिंगवर, बारीक कट देऊन टर्न कर. मायक्रोमीटरने दोन्ही मोज. फरक आला तर आधी बेडच्या पायांखाली पातळ पत्रे घालून पीळ काढ. हेडस्टॉकला हात सगळ्यात शेवटी.

चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एक क्षणही नाही. ओढणी, बांगड्या, लांब बाह्या, हातमोजे यातलं काहीही अंगावर नको. केस बांधून, चष्मा लावूनच उभी राहा. यंत्र लहान आहे म्हणून यात सूट घेऊ नकोस, बोट ओढायला एवढी मोटर पुरते.

शनिवारी बघायला जाशील त्याआधी घरी येऊन माझा डायल गेज, मॅग्नेट बेस आणि २५ चा ब्राइट बार घेऊन जा. दुकानदार यंत्राला वीज जोडून देतो का, ते आदल्या दिवशी फोन करून विचार. नाही म्हणाला तर जाऊच नकोस.

तुझा,
काका