वाचकांचे प्रश्न : राखणदाराची हरवलेली झोप

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला एक गडी काही हंगाम आमच्याकडे राखणीला येतो. यंदा त्याचे डोके सतत दुखते, रात्रीची राखण संपली तरी त्याला झोप लागत नाही आणि दारूही वाढली आहे. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नाही. ‘नेपाळी माणसे काटक असतात, होईल बरा’, असे शेजारी म्हणतात. आम्ही काय करावे?
– एक बागायतदार

उत्तर : शेजाऱ्यांचे ऐकू नका. काटकपणाचा शिक्का एकदा बसला की माणसाला आपला त्रास सांगण्याची सोय उरत नाही आणि मनावरचा ताण डोकेदुखी, धडधड, निद्रानाश अशा वाटांनी बाहेर पडतो. ही दुखणी खोटी नसतात.

१९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसाशिवाय येथे राहता आणि काम करता येते. मात्र आखातात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला श्रमपरवान्यासोबत विमा घ्यावा लागतो. भारतात येणाऱ्याला परवानाच लागत नाही, त्यामुळे ते संरक्षणही त्याच्या वाट्याला येत नाही. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली, तेव्हा भारताच्या हद्दीतील धारचुल्याला अडकलेल्या काही नेपाळी मजुरांनी घर गाठण्यासाठी सीमेवरच्या महाकाली नदीत उड्या टाकल्या होत्या. परक्या मुलखात अडकून पडण्याची ही धास्ती बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, एकट्याने रात्री काढताना अधिकच जाणवते.

इतके असूनही ही माणसे तग धरतात, ती गावाशी आणि गाववाल्यांशी असलेल्या संबंधांच्या बळावर. म्हणून आसपासच्या बागांतील नेपाळी गड्यांना भेटण्यासाठी त्याला आठवड्यातून एक रात्र पूर्ण मोकळी द्या आणि त्या रात्री राखणीला दुसरा माणूस ठेवा. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पगाराचा हिशेब. तो हंगामाअखेर एकदम चुकता केला, तर रोकड अंगावर बाळगून उत्तराखंडातील बनबसाच्या सीमेपर्यंत जाण्याची काळजी त्याला महिनोन्‌महिने पोखरत राहते. पगार दरमहा द्या. एनईएफटीने नेपाळमधील खात्यात पैसे पाठवण्याची सोय आहे. त्याला सोबत घेऊन बँकेत चौकशी करा.

चारचौघांत नव्हे, तर एकट्याला गाठून त्याच्याशी हिंदीत बोला आणि ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेही स्पष्ट विचारा. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. फवारणीची औषधे मात्र आजच कुलपात ठेवा. तो रोज पीत असेल, तर दारू एकाएकी बंद करायला लावू नका, कारण त्यातून फिट येण्याचा धोका असतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास सुरू असतो. रत्नागिरीत शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तेथे त्याला एकट्याने पाठवू नका, आपण स्वतः सोबत जा.

हंगाम अर्धवट सोडून त्याला घरी जावेसे वाटले, तर अडवू नका. तोवरचा सगळा पगार चुकता करा, गाववाल्याची सोबत पाहून द्या आणि पुढच्या वर्षी त्याचे काम त्याच्यासाठी राखून ठेवाल, हे निघण्यापूर्वीच सांगा.