एनएसटीच्या कागदावर 'क्रायटेरिया नॉट मेट' आलं, तर लगेच सिझर करावं लागतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की केजला वहिनींची 36व्या आठवड्यात एनएसटी (पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके मोजायची तपासणी) झाली, 20 मिनिटांत पट्टे काढले, कागदावर 'क्रायटेरिया नॉट मेट' (म्हणजे निकष पूर्ण झाले नाहीत) आलं आणि आता घरात सगळे सिझरचंच बोलतायत. मी बीड जिल्ह्यातच लेबर रूमला सिस्टर आहे. नुसत्या त्या एका ओळीवर सिझर ठरत नाही.

ठोक्यांवरून बाळ ठीक आहे का ते सांगणारे हे निकष ऑक्सफर्डच्या डॉज आणि रेडमन या संशोधकांनी बसवले. मशीन पहिला हिशोब 10 मिनिटांनी करतं, मग दर 2 मिनिटांनी, असं 60 मिनिटांपर्यंत. मधेच निकष पूर्ण झाले तर पट्टे काढायचे, नाही झाले तर चालूच ठेवायचे. बाळ झोपलं की 40 मिनिटंसुद्धा शांत राहतं. तेव्हा ठोके 110 ते 160 मध्येच असतात, पण आलेख सपाट दिसतो. म्हणजे तुमची तपासणी अर्धवट राहिलीय. पूर्ण तासानंतरही 'नॉट मेट' असेल, तर मात्र डॉक्टरांनी लगेच बघायलाच हवं.

कधी पट्टा सरकतो आणि मशीन आईचीच नाडी मोजायला लागतं. आकडा 90-95 वर आला की मी आधी बाईचं मनगट धरते. दोन्ही जुळले तर जेली लावून प्रोब (पट्ट्याखालची ठोके टिपणारी चकती) पुन्हा बसवते, नाही जुळले तर डॉक्टरांना हाक मारते.

कळा सुरू झाल्यावर हे निकष चालत नाहीत. त्या वेळचे ठोके वाचणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरची चाचणी ब्रिटन-आयर्लंडमध्ये सुमारे 46 हजार बायांवर झाली. 2017 साली निकाल आला, बाळांच्या तब्येतीत फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. उसाच्या फडावरून 8व्या महिन्यात परतलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 7 आहे, बीपी चढलंय, हे ठोक्यांच्या आलेखावर लिहिलेलं नसतं. ते तपासणाऱ्यालाच बघावं लागतं.

तुम्ही आजच परत जा. वहिनींना डाव्या कुशीवर ठेवून तासाभराची ठोक्यांची पट्टी काढायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारा, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी आणि डॉप्लर (नाळेतला रक्तप्रवाह) बघायचं का. तिथे सोय नसेल तर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज जवळ आहे. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी किंवा रक्त गेलं, तर कागदावर काहीही असो, 108 ला फोन करून निघा.